गोळी उतरण्याची वेळ: औषध सुरू झाल्यावर बदललेल्या मुलाबद्दल एका आईला उत्तर

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. मुलगा साडेसहा वर्षांचा. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचं आणि सततच्या चळवळेपणाचं, निदान झालंय. मिथाइलफेनिडेटची, आठ तास चालणारी गोळी सुरू होऊन दोन आठवडे झालेत. शाळेतून निरोप येतो की आता जागेवर बसतो, वही पूर्ण करतो. घरी मात्र दारात बूट काढता काढताच रडं सुरू होतं. धाकट्या बहिणीला ढकलतो, दप्तर भिरकावतो आणि मग "मी वाईट आहे" म्हणत पलंगाखाली जाऊन बसतो. डबा जवळजवळ तसाच परत येतो. रात्री अकरापर्यंत टक्क जागा. नवरा म्हणतो बंद कर, शाळा म्हणते चालू ठेवा. आणि तुम्ही विचारलंय, "हे औषधानं होतंय की तो मुळातच असा होत चाललाय? मी त्याला विष तर देत नाहीये ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यानं तुमची झोप उडाली आहे. नाही, विष देत नाही आहात. हे औषध मुलांमध्ये कित्येक दशकं वापरात आहे, त्यावर भरपूर अभ्यास झालाय, आणि सकाळी घेतलेली गोळी दुसऱ्या सकाळपर्यंत शरीरातून जवळजवळ निघून गेलेली असते. दोन आठवड्यांत त्यानं कुणाचा स्वभाव कायमचा बदलत नाही. तरीही तुम्हाला दिसतंय ते खरं आहे. "आई जरा जास्तच घाबरते" असं म्हणून ते बाजूला सारण्यासारखं नाही.

पण ते 'औषधाची रिअ‍ॅक्शन' या एकाच पिशवीत कोंबू नका. तुमचं वर्णन वाचून मला किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहाव्याशा वाटतात. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. त्या वेगळ्या करायला रक्ताची तपासणी लागत नाही, मेंदूचा स्कॅन लागत नाही. घड्याळ लागतं. लहान मुलांच्या औषधांबाबत मी पालकांना सगळ्यात आधी हेच विचारतो: किती वाजता? काय झालं ते नंतर सांगा, आधी गोळी किती वाजता दिली आणि हे किती वाजता झालं ते सांगा.

तुम्ही गोळी सकाळी साडेसातला देता. आठ तासांचा असर धरला तर साडेतीनच्या सुमारास ती उतरायला लागते. मुलगा घरी येतो चारला. रडारड चार ते साडेपाच. रात्रीच्या जेवणाला, तुमच्याच शब्दांत, "पुन्हा आपला तोच वेडोबा." याला आम्ही रिबाउंड म्हणतो. औषध रक्तातून वेगानं कमी होतं तेव्हा तासभर, कधी दोन तास, मूल औषधाआधी होतं त्याहूनही जास्त चिडकं, रडवेलं आणि उसळणारं होतं. नंतर आपोआप सावरतं. हे सगळ्या मुलांना होत नाही. ज्यांना होतं त्यांच्या घरी मात्र संध्याकाळ म्हणजे रणांगण असतं, आणि शाळेला त्याचा पत्ताही नसतो. शाळा आणि घर एकमेकांवर अविश्वास दाखवायला लागतात ते बहुतेक वेळा यामुळेच. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या वेळी पाहत असतात.

यात भूकही मिसळलेली असते. सकाळपासून पोटात जवळपास काही नाही. औषधानं भूक दाबून धरलेली होती, ती औषध उतरलं की एकदम जागी होते, आणि साडेसहा वर्षांच्या मुलाला "मला भूक लागली आहे" हे अशा वेळी कळतही नाही. शिवाय दिवसभर शाळेत शहाण्यासारखं बसून आलेलं कुठलंही मूल, औषध घेणारं असो वा नसो, घरी आल्यावर थोडं सांडतंच. तेव्हा चारच्या रडण्यात औषधाचा वाटा किती, भुकेचा किती, थकव्याचा किती, हे पाहायला हवं. ते सहज पाहता येतं.

पुढचे चार-पाच दिवस एका साध्या वहीत नोंद ठेवा. निबंध नको. गोळी कधी दिली, काय आणि किती खाल्लं, रडणं किंवा चिडणं कधी सुरू झालं आणि कधी थांबलं, झोप कधी लागली. यात एक सुट्टीचा दिवस नक्की यायला हवा, आणि त्या दिवशीही गोळी नेहमीच्या वेळेलाच द्या. सुट्टीत शाळेचा थकवा नसतो, त्यामुळे रविवारीही बरोबर चारलाच बांध फुटला तर बोट औषधाकडे जातं. रविवारी काहीच झालं नाही तर शाळेत काय चाललंय ते विचारायला हवं. मागे एका आईनं आणलेल्या वहीत मंगळवारचं पान असं होतं: "७.४० गोळी. १०.३० चांगला. १.०० दोन घास. ३.५० 'सॉक्स टोचतोय' म्हणून रडला. ४.१० दूध, केळं. ४.४० खेळायला गेला. १०.१५ झोप." दुसऱ्याच दिवशी चार दहाचं दूध राहून गेलं होतं, आणि रडणं सव्वापाचपर्यंत चाललं होतं. त्या दोन पानांनी मला तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त सांगितलं.

वही पूर्ण होईपर्यंत घरी एवढं करा. मूल दारात पाऊल टाकेल तेव्हा खाणं तयार असू द्या. "काय खाशील?" हा प्रश्न नको, त्या वेळी निवड करणं हेच त्याला झेपत नाही. समोर ठेवा आणि गप्प बसा. पहिला पाऊण तास गृहपाठ नाही, "आज शाळेत काय झालं" नाही, हात धुण्यावरून वाद नाही, आणि शक्य असेल तर धाकटी दुसऱ्या खोलीत. पलंगाखाली गेला तर जाऊ द्या, ओढून काढू नका. जवळ जमिनीवर बसा. तो "मी वाईट आहे" म्हणाला की लगेच "छे, तू तर किती छान आहेस" म्हणून ते पुसून टाकायची घाई होते. त्यापेक्षा सरळ सांगा: "गोळी उतरताना तुझं डोकं थोडा वेळ तापतं. ते तुझ्यामुळे नाही. थोड्या वेळानं जाईल. मी इथेच आहे." सहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. आपल्याला जे होतंय त्याला सुरुवात आणि शेवट आहे, हे कळल्यावर त्याची भीती बरीच कमी होते. बहिणीला ढकलणं मात्र चालणार नाही, ते थांबवायचंच. कारण औषधाचं असलं तरी नियम तोच राहतो, फक्त शिक्षा आणि भाषण त्या तासात नको.

डॉक्टरांच्या हातात काय असतं? बरंच काही. रिबाउंड पक्का ठरला तर कधी जास्त वेळ चालणाऱ्या प्रकारात बदल करतात, कधी दुपारी उतरायच्या थोडं आधी छोटासा, लगेच असर करणारा डोस जोडतात, म्हणजे कडेलोटाऐवजी उतार मिळतो. कधी डोसच थोडा कमी करतात. या औषधाचा लगेच असर करणारा प्रकार अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करतो आणि चारेक तास टिकतो. लांब चालणारे प्रकार ८ पासून १२ तासांपर्यंतचे असतात. त्यामुळे हलवायला जागा भरपूर असते. हे बदल तुम्ही घरी करायचे नाहीत. अर्धी गोळी तोडून देणं तर मुळीच नाही: लांब चालणाऱ्या काही गोळ्या तोडल्या, चावल्या किंवा कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ खाण्यावर टाकून देता येतात, काही अजिबात उघडायच्या नसतात. तुमची कोणती, ते औषध देणाऱ्याला विचारून घ्या.

आता दुसरी शक्यता, जी तुमच्या पत्रात नाही पण मी मुद्दाम विचारणार आहे. मधल्या वेळेत, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, तो कसा असतो? शाळेनं "शांत बसतो" म्हटलं म्हणून समाधान मानू नका. वर्गात त्रास न देणं म्हणजे बरं असणं नव्हे. बाईंना नेमकं विचारा: हसतो का? मित्रांशी मस्ती करतो का? मधल्या सुट्टीत धावतो की भिंतीला टेकून उभा असतो? एकाच गोष्टीकडे टक लावून बसतो का? नखं, ओठ, शर्टाची बाही सतत कुरतडतो का? औषध पूर्ण चढलेलं असतानाच मूल घुम्यासारखं, हिरमुसलेलं किंवा विनाकारण रडवेलं होत असेल, तर तो रिबाउंड नाही. तिथे बहुतेक वेळा डोस जास्त होतोय किंवा हे औषध त्याला मानवत नाहीये. उतरताना रडणाऱ्या मुलाला कधी थोडं जास्त वेळ औषध लागतं; चढलेलं असताना रडणाऱ्याला कमी लागतं. दोन्ही प्रकारच्या मुलांचे पालक दवाखान्यात येऊन एकच वाक्य बोलतात, "गोळीनं रडतो," आणि वेळ विचारली नाही तर उपाय नेमका उलटा होऊ शकतो.

माझं स्पष्ट मत आहे की ज्या गोळीनं मुलाचं हसू जातं ती गोळी, मार्क कितीही वाढले तरी, त्या डोसमध्ये चालू ठेवू नये. आपल्याला आज्ञाधारक मूल नको आहे. त्याचं तोच राहून त्याला एका जागी मन लावता यावं, एवढंच हवं आहे.

तिसरी गोष्ट झोप. झोप न येण्याचीही दोन कारणं असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत: औषध अजून अंगात आहे म्हणून, किंवा औषध उतरलंय आणि मूळची धावपळ परत आली आहे म्हणून. तुमच्या मुलाची गोळी साडेतीनला उतरते, मग अकराची जाग थेट औषधाची असण्याची शक्यता कमी वाटते. औषध सुरू होण्याआधी तो किती वाजता झोपायचा? एडीएचडीच्या बऱ्याच मुलांना मुळातच झोप उशिरा लागते, आणि औषध सुरू झाल्यावर आपण पहिल्यांदा घड्याळाकडे बघायला लागतो. शिवाय संध्याकाळी तुंबलेली भूक रात्री नऊला भरपूर जेवून भागवली, तरी झोप पुढे जाते. गोळी सकाळी थोडी लवकर देता आली, रात्रीचं जेवण लवकर झालं, आणि झोपण्याआधीचा तासभर स्क्रीन बंद राहिली, तर बराच फरक पडतो. तरी भागलं नाही तर डॉक्टरांशी बोला. झोपेसाठी स्वतःच्या मनानं सर्दीचं गुंगी आणणारं औषध देऊ नका. काही लहान मुलांना त्यानं झोप येण्याऐवजी उलट चेव चढतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. दुपारी त्याला भूक नसते, तेव्हा डब्यावरून रागावण्यात अर्थ नाही. गोळी द्यायच्या आधी भरपेट नाश्ता, दुपारी दोन घास चालतील, आणि औषध उतरल्यावर व संध्याकाळी मनसोक्त. उंची आणि वजन मात्र दर काही महिन्यांनी मोजून, लिहून ठेवायचं. भीतीपोटी नाही, पण हा परिणाम खरा आहे. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेला एमटीए नावाचा मोठा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या मुलांच्या पुढच्या पाठपुराव्यात, तीन वर्षं सातत्यानं औषध घेतलेली मुलं न घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे २ सेंटिमीटरनं मागे असल्याचं दिसलं. २ सेंटिमीटर म्हणजे आभाळ कोसळत नाही, पण वजनाचा काटा खाली सरकायला लागला तर तो लवकर कळायला हवा. नाडी आणि रक्तदाबही प्रत्येक भेटीत पाहिला गेला पाहिजे. घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयानं मृत्यू झाला असेल, किंवा मुलगा खेळताना कधी चक्कर येऊन पडला असेल, आणि हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल, तर आजच सांगा.

वयाबद्दलही बोललं पाहिजे. मूल जितकं लहान, तितकी या औषधांची बाजू थोडी डळमळीत. साधारण ३ ते साडेपाच वर्षांच्या मुलांना मिथाइलफेनिडेट देऊन केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. औषधाचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांपेक्षा कमी, आणि सुमारे ११ टक्के मुलांचं औषध दुष्परिणामांमुळे थांबवावं लागलं. त्यात चिडचिड, रडणं, भावनांचा उद्रेक हे ठळक होतं. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये आधी पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण, आणि ते पुरलं नाही तरच औषध, असा क्रम आज मानला जातो. तुमचा मुलगा या रेषेच्या जरासा पलीकडे आहे, पण ते प्रशिक्षण तुम्हाला कुणी दिल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. विचारा. ते पालक चुकतात म्हणून देत नाहीत. गोळी चार वाजता संपते आणि तुम्ही संपत नाही, म्हणून देतात.

तुमच्यासारख्याच अवस्थेत पण वेगळं औषध हातात असलेले पालकही हे वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. प्रत्येक औषधाचं घड्याळ वेगळं असतं. मिथाइलफेनिडेटचं तासांत चालतं. अ‍ॅटोमॉक्सेटीन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाचं आठवड्यांत: पूर्ण असर यायला चार-सहा आठवडे, पण मळमळ आणि पेंग पहिल्या काही दिवसांत. म्हणजे त्रास आधी येतो आणि फायदा नंतर. दहा दिवसांत "काहीच उपयोग नाही" म्हणून सोडणारे बरेच असतात.

चिंता किंवा ओसीडीसाठी (तेच ते विचार आणि कृती पुन्हापुन्हा होण्याच्या आजारासाठी) फ्लुओक्सेटीन, सरट्रालीन यांसारखं औषध सुरू असेल तर पहिले दोन-तीन आठवडे आणि डोस वाढल्यानंतरचे दिवस डोळ्यात तेल घालून पाहा. लहान मुलांमध्ये यांनी कधी कधी वेगळीच उसळी येते. मूल अचानक बडबडं, धीट, बेफाम होतं, झोपत नाही, क्षणात हसतं क्षणात ओरडतं. घरातल्यांना वाटतं, चला, चिंता गेली, खुलला. तो खुललेला नसतो. हे डोसशी जोडलेलं असतं, आणि डॉक्टरांना लगेच कळवलं तर बहुतेक वेळा डोस कमी करून शांत होतं. याच औषधांवर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २००४ साली मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा तपासलेल्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तशी वागणूक औषध घेणाऱ्या मुलांमध्ये सुमारे ४ टक्के होती, औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांमध्ये २ टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या त्या चाचण्यांत एकही नव्हती. या आकड्यांचा अर्थ "देऊ नका" असा नाही. "सुरुवातीला रोज लक्ष ठेवा आणि मुलाशी बोलत राहा" असा आहे.

रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल सुरू असलेल्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. ऑटिझमसोबतच्या तीव्र चिडचिडीसाठी ही औषधं दिली जातात. इथे भूक मरत नाही, खवळते, आणि वजन काही आठवड्यांत दिसण्याइतकं वाढू शकतं. पण मला खरी काळजी वाटते ती एका परिणामाची, जो घरी 'आजार वाढला' म्हणून वाचला जातो. अ‍ॅकॅथिसिया, म्हणजे आतून होणारी असह्य तळमळ. मूल बसतं आणि उठतं, उभं असेल तर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतं, मांडीवर घ्या तर अंग काढून घेतं. बोलू शकणारं मूल म्हणतं, "माझे पाय मला बसू देत नाहीत." न बोलणारं मूल डोकं आपटतं, चावतं. मग डोस वाढवला जातो, आणि तळमळ आणखी वाढते. डोस सुरू झाल्यावर किंवा वाढल्यावर काही दिवसांत अशी अस्वस्थता नव्यानं आली असेल, तर "हे औषधामुळे तर नाही ना?" हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. त्यातच सोबत फ्लुओक्सेटीन चालू असेल तर ते रिस्पेरिडोनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर दोघांनाही पूर्ण यादी दाखवा.

आता ज्यासाठी वही लिहीत बसायचं नाही ते. मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर चढून राहिले, जबडा आखडला, तर थेट दवाखान्यात; दिसायला भयंकर असतं, पण योग्य इंजेक्शननं थोड्याच वेळात सुटतं. ताप, कडक झालेलं अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र आले. अंगावर पुरळ उठून सोबत ताप किंवा तोंडात फोड आले. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, झटका आला. चेहरा सुजला, श्वास अडकला. जीव द्यायची किंवा स्वतःला इजा करायची भाषा आली. यातलं काहीही झालं, तर वाट पाहू नका, त्याच क्षणी निघा. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांवर क्वचित एखादं मूल म्हणतं, "हातावर किडे चालतायत," आणि झटकत राहतं, किंवा नसलेल्या अळ्या-साप दिसतात. त्याला वेड लागलेलं नसतं. हा औषधाचा दुर्मीळ पण माहीत असलेला परिणाम आहे आणि औषध थांबवल्यावर जातो. पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

यावरून तुमच्या नवऱ्याच्या मुद्द्याकडे येतो: बंद कर. मिथाइलफेनिडेटच्या बाबतीत त्यात आरोग्याचा धोका फारसा नाही. डॉक्टर स्वतःही कधी एक-दोन दिवस गोळी थांबवून फरक पाहायला सांगतात. पण हे प्रत्येक औषधाला लागू नाही. एडीएचडीसाठी कधी दिलं जाणारं क्लोनिडीन किंवा ग्वानफेसीन अचानक तोडलं तर रक्तदाब उसळू शकतो. रिस्पेरिडोन आणि चिंतेची औषधंही पायरीपायरीनं उतरवायची असतात. माझी हरकत वेगळ्या गोष्टीला आहे: दोघांचं भांडण झालं की एक दिवस गोळी नाही, शाळेतून तक्रार आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. अशा आठवड्यातून औषध चांगलं की वाईट, काहीच कळत नाही, आणि रोज नव्यानं चढ-उतार सोसावा लागतो तो मुलाला. नवऱ्याशी वाद घालण्याऐवजी ती वही त्याच्या हातात द्या. दोन संध्याकाळी नोंद त्यानं करावी. औषधाला विरोध करणारा माणूस बहुतेकदा सर्वांत बारकाईनं पाहतो, त्याचा उपयोग करून घ्या. आणि वहीनं त्याचं म्हणणं खरं ठरवलं तर तेही मान्य करायची तयारी ठेवा.

मुलासमोर एक वाक्य मात्र घरात कुणीही उच्चारू नये: "आज गोळी घेतली नाहीस का?" त्यानं मस्ती केली, काही सांडलं, ओरडला, की हे सहज तोंडातून निघतं. त्यातून तो शिकतो की चांगला वागतो तो मी नाही, गोळी; आणि वाईट वागतो तो मात्र मीच. "मी वाईट आहे" कुठून आलं याचा शोध घेताना घरात, शाळेत हे वाक्य ऐकू येतंय का, तेवढं बघा. बाईंनाही नम्रपणे सांगा.

पुढची भेट महिन्यानं आहे असं तुम्ही लिहिलंय. तितकं थांबू नका. वही भरली की फोन करा आणि "खूप त्रास देतो हो" असं न म्हणता नेमकं सांगा: गोळी साडेसातला, कोणती, किती मिलिग्रॅमची, रडणं चारला सुरू, साडेपाचला बंद, आठवड्यातून इतके दिवस, रविवारीही किंवा रविवारी नाही, खाल्ल्यावर इतका फरक, दुपारी शाळेत हसतो किंवा हसत नाही, वजन सुरुवातीला इतकं, आज इतकं. मग विचारा: हे उतरतानाचं आहे की चढलेलं असतानाचं? त्यानुसार वेळ, प्रकार की डोस, यातलं काय बदलायचं? बदलल्यावर किती दिवसांनी कळवू? या तिन्हींची उत्तरं न देता कुणी नुसतं "होतं असं, सवय होईल" म्हणालं, तर दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. आणि एका वेळी एकच बदल मागा. गोळी, तिची वेळ आणि झोपेचं औषध असं सगळं एकाच सोमवारी बदललं, तर पुढच्या सोमवारी कशानं फरक पडला ते मलाही सांगता येणार नाही.